पडवीवरचा हक्क : म्हाताऱ्या जनावरांविषयीच्या एका रूढ मताचे खंडन

‘म्हातारं झालंय, पडून राहतं.’ पुणे जिल्ह्यातल्या अवसरी बुद्रुक आणि मंचरच्या पंचक्रोशीत पाळलेल्या कुत्र्याविषयी हे वाक्य सहज बोलले जाते आणि तितक्याच सहज मान्यही होते. बोलणारा पुढे काही सांगत नाही, ऐकणारा पुढे काही विचारत नाही. त्या वाक्यामागे मात्र एक पुरते मत उभे आहे. जनावर म्हातारे झाले म्हणून त्याच्यासाठी घरात वेगळी सोय करणे म्हणजे शहरातल्या हौशी लोकांचे चोचले. गावच्या जनावराला अंगण पुरे, तुकडा पुरे, बाकीचे निसर्ग पाहून घेतो, असे ते मत आहे. माझ्या मते ते इतिहासाला धरून नाही, शरीरशास्त्राला धरून नाही, आणि आंबेगाव-जुन्नरच्या आजच्या परिस्थितीत तर ते थेट जिवावर उठणारे आहे. दोन्ही बाजू वाचकांपुढे ठेवतो. निवाडा त्यांनी करावा.

आधी पूर्वपक्ष, आणि तो त्याच्या पुऱ्या ताकदीनिशी मांडला पाहिजे. हे मत बाळगणारी माणसे निर्दय नाहीत. टंचाईच्या वर्षी स्वतःची भाकर मोडून जनावरापुढे ठेवणारी हीच माणसे आहेत. त्यांचे म्हणणे असे की, गावातला कुत्रा राखणीचा असतो, त्याची जागा दाराबाहेर. त्याला घरात घेणे ही बाहेरून आलेली रीत आहे. म्हातारपण हा काही आजार नव्हे, त्याला औषध नाही, मग सोय करून साधायचे काय? त्यातही ज्या घरात आजीला न्हाणीत धरायला साधी दांडी नाही, त्या घराने कुत्र्यासाठी उतार बांधावा, हे माणसांना खाली पाहायला लावणारे नाही का? शिवाय घरात देव आहेत, सोवळे आहे. आणि सगळ्यात शेवटी, आणि हे म्हणणे सर्वात जड आहे, जनावराला सुखाने जाऊ द्यावे, सोयी करकरून त्याचे हाल लांबवू नयेत. यातले एकही म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. पण यातले एकही तपासाला टिकत नाही.

बाहेरून आलेली रीत म्हणजे कुठून आलेली? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गोऽध्यक्षाच्या प्रकरणात गोपालकांची कर्तव्ये दिली आहेत. वासरांची, आजारी जनावरांची आणि म्हाताऱ्या जनावरांची देखभाल त्यात स्पष्ट शब्दांत सांगितली आहे. अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या औषधोपचाराबरोबर पशूंच्या औषधोपचाराची व्यवस्था नोंदलेली आहे. फार मागे जायचे नसेल तर मुंबईचेच उदाहरण घ्या. 1832 च्या जून महिन्यात भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमाविरुद्ध मुंबईतले पारशी रस्त्यावर उतरले, आणि त्यानंतर दोनच वर्षांत, 1834 साली, सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. आजारी, अपंग, म्हातारी, कुणालाच नकोशी झालेली जनावरे मरेपर्यंत सांभाळायची, हाच पांजरपोळीचा हेतू. कुत्री मारण्याचा हुकूम गोऱ्या सरकारचा होता, त्यांना आसरा इथल्या लोकांनी दिला. मग परदेशी रीत कोणती म्हणायची?

आणि मुंबईपर्यंत तरी कशाला जायचे? मंचरहून नाशिक रस्त्याने वर गेले की आळेफाटा लागतो. तिथून जवळच आळे गावात रेड्याची समाधी आहे. पैठणला ज्ञानदेवांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले, तो रेडा परतीच्या वाटेत इथे थकून पडला आणि त्याला समाधी दिली गेली, अशी परंपरा आहे. चमत्कार कुणी मानो वा न मानो, या मुलखातल्या लोकांनी शेकडो वर्षे एका थकलेल्या जनावराच्या शेवटच्या मुक्कामाला देऊळ मानले आहे, ही तर डोळ्यांपुढची वस्तुस्थिती आहे. ज्या तालुक्यांची माणसे तिथे नवस बोलतात, त्यांनीच म्हाताऱ्या जनावराची काळजी हे परक्यांचे खूळ आहे असे म्हणावे, हे मला पटत नाही.

आता घराकडे येऊ. खरा वाद इथेच आहे.

आपल्या भागातले जुने घर आठवून पाहा. पांढऱ्या मातीच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन, पुढे पडवी, मागे किंवा बाजूला घराला लागूनच गोठा. जोते बेताचे. कुत्रे रात्री पडवीत, मांजर चुलीपाशी, बैल भिंतीपलीकडे. सारवलेल्या जमिनीला एक खरखर असते. पाय ठेवला की पकड मिळते. थंडीत ती उघड्या फरशीसारखी गारठत नाही. म्हाताऱ्या जनावरासाठी वेगळी सोय करावी लागत नव्हती, कारण घराची बांधणीच सोयीची होती. नंतर ऊस आला, कांदा-बटाट्याचा पैसा आला, स्लॅब पडले. जोते तीन-तीन, चार-चार फूट उंच झाले. पडवीच्या जागी पोर्च आला, पायऱ्यांना ग्रॅनाइट लागला, आत व्हिट्रिफाइड टाइल बसली. घर सुधारले, यात वाद नाही. मातीच्या घरात परत जा असे मी सांगतही नाही. पण या सुधारणेत एक गोष्ट हातची गेली आणि कुणाच्या ध्यानातही आली नाही. जनावराला घर चढता येईना आणि घरात उभे राहता येईना.

हे कसे घडते, ते एकदा जवळून पाहण्यासारखे आहे. बसलेला कुत्रा उठताना आधी पुढचे पाय रोवतो, मग मागच्या पायांनी जमिनीला रेटा देऊन कंबर वर उचलतो. वयाने खुबे आणि गुडघे आखडले की या रेट्यालाच दुखते. त्यात खाली गुळगुळीत टाइल असली तर रेटा जमिनीला लागतच नाही. मागचे दोन्ही पाय हळूहळू दोन बाजूंना सरकतात, नखे टाइलवर खरवडल्याचा आवाज येतो, कंबर खाली बसते. पुन्हा प्रयत्न, पुन्हा तेच. दोन-चार दिवस असे झाले की तो उठणे टाळू लागतो. उठणे टाळले की मांड्यांचे स्नायू झडतात. स्नायू झडले की उठणे आणखी अवघड होते. मग तो बसल्या जागी लघवी करतो. घरातले म्हणतात, आता घाण करायला लागला, आणि त्याची रवानगी अंगणात, साखळीला होते. आता मला सांगा, या कुत्र्याला अंगणात कुणी धाडले? म्हातारपणाने, की फरशीने? म्हातारपण त्याला आले होते हे खरे. पण त्याचे चालणे थांबवले ते टाइलने.

या ठिकाणी इलाज इतका साधा आहे की तो सांगताना संकोच वाटावा. त्याच्या बसण्याच्या जागेपासून दारापर्यंत आणि पाण्याच्या भांड्यापर्यंत जाड सतरंजीची किंवा गोणपाटाची पट्टी अंथरायची. पोते सरकत असेल तर गोठ्यात गाईखाली घालतात ती रबरी मॅट कापून टाकायची. नखे कापायची, कारण वाढलेली नखे पंजा जमिनीला टेकूच देत नाहीत. तळव्याच्या गाद्यांमधले वाढलेले केस कात्रीने उतरवायचे. पायऱ्यांवर एका बाजूला फळी टाकायची. फूटभर उंचीला तीन-चार फूट लांब फळी लागते, त्याहून आखूड असली तर चढ उभा होतो आणि जनावर त्यावर पाय ठेवायला धजत नाही. फळीवर गोणपाट खिळ्यांनी ठोकायचे. पाण्याचे भांडे दोन विटांवर ठेवायचे, म्हणजे मान फार वाकवावी लागत नाही. निजायला जाड वाकळ, कारण हाडे वर आलेल्या अंगाला कठीण जागेवर जखमा होतात. यातली कोणती वस्तू अवसरीच्या घरात नाही?

‘वय झालं, त्याला काय करणार’ हे म्हणणे मी फारसे मनाला लावून घेत नाही, कारण पुराव्यापुढे ते पार उघडे पडते. अमेरिकेत 48 लॅब्राडोर कुत्र्यांवर जन्मभर चाललेल्या एका अभ्यासात एकाच वेतातली पिले जोडीजोडीने वाटून घेतली होती. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी अन्न दिले गेले. कमी खाणाऱ्या गटाचे मध्यक आयुष्य 13 वर्षे भरले, दुसऱ्या गटाचे 11.2. आणि सांध्यांच्या दुखण्यावर औषध सुरू करण्याची वेळही सडपातळ गटावर बरीच उशिरा आली. आईबाप तेच, जात तीच, छप्पर तेच; फरक ताटात किती वाढले याचा. म्हणजे म्हातारपण कधी येते आणि किती कठीण येते, हे काही अंशी आपल्या हातात आहे. लाडाने चहा-बिस्किटे घालून फुगवलेल्या कुत्र्याचे गुडघे गेले, की त्याला ‘वय’ म्हणून मोकळे होणे बरोबर नाही.

मांजरांचे तर आपल्याला कळतच नाही. मांजर लंगडत नाही, विव्हळत नाही. फक्त पूर्वी कणगीवर उडी मारायचे ते आता मारत नाही. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत 12 वर्षांवरील 100 मांजरांची क्ष-किरण छायाचित्रे तपासली, तेव्हा 90 मांजरांत सांधे किंवा मणके झिजल्याच्या खुणा आढळल्या. दर दहांत नऊ. खिडकीखाली एक खोके किंवा दोन-तीन विटांची पायरी ठेवली तर ते मांजर पुन्हा उन्हात बसू शकते. आणि विधीसाठी उंच कडांच्या भांड्याऐवजी पसरट घमेले हवे, एवढेच.

मेंदूचेही तसेच. रात्री उगीच उठून भुंकणारा, भिंतीकडे तोंड करून उभा राहणारा, घरच्याच माणसाला न ओळखणारा म्हातारा कुत्रा दिसला की ‘याला भ्रम झाला’ म्हणून सोडून देतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यक महाविद्यालयातल्या संशोधकांनी 2001 मध्ये नोंदवले की 11-12 वर्षांच्या कुत्र्यांपैकी 28 टक्के, आणि 15-16 वर्षांच्यांपैकी 68 टक्के कुत्र्यांत अशा बदलांची एक तरी खूण दिसते. माणसाच्या विस्मरणाशी याचे जवळचे नाते आहे. तो पुरता बरा होत नाही, हे मान्य. पण रात्री झिरोचा दिवा लावून ठेवला, खाट आणि कपाट दर महिन्याला हलवले नाही, खाण्याच्या वेळा पाळल्या, तर त्याचा गोंधळ कमी होतो. डोळ्यांत निळसर झाक आली म्हणजे कुत्रा आंधळाच झाला असेही नाही. वयाबरोबर भिंग दाट होते आणि बरेचदा त्या कुत्र्याला बऱ्यापैकी दिसत असते. चिडका झाला, अंगाला हात लावला की चावतो, हेही बहुधा स्वभावाचे नसते. दुखत असते.

इथे एक सांगून पुढे जातो, कारण यात जीव जातात. दुखते हे कळल्यावर मेडिकलमधून माणसांची गोळी आणून देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडे निकामी होतात. जनावरांना चालणारी वेदनाशामके आहेत. ती पशुवैद्याने वजन पाहून, रक्त तपासून द्यायची असतात. अचानक जास्त पाणी पिऊ लागला, अंथरुणातच लघवी होऊ लागली, तर तेही आधी पशुवैद्याला दाखवावे. त्यामागे बरेचदा मधुमेह किंवा मूत्रपिंडाचे दुखणे असते आणि त्याला उपाय असतो.

आता प्रतिपक्षाचा बालेकिल्ला, राखणीचा कुत्रा अंगणातच शोभतो. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी या म्हणण्याला निदान थोडा आधार होता. आज नाही. डिंभे धरणाचे पाणी आले, आंबेगावच्या पूर्व पट्ट्यात ऊस वाढला, आणि उसात बिबट्या राहू लागला. आंबेगाव, जुन्नर, खेड आणि शिरूर हे चार तालुके जुन्नर वन विभागात येतात आणि बिबट्याच्या संघर्षासाठी हा विभाग देशभर ओळखला जातो. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे ते याच कारणाने. जुन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यात वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचे खाद्य तपासले. वजनाच्या हिशेबाने त्या खाद्यात पाळीव जनावरांचा वाटा 87 टक्के निघाला, आणि एकट्या कुत्र्यांचा 39. आता खरी गोष्ट पाहा. त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या. तरी बिबट्याच्या खाद्यात शेळ्यांचा वाटा फक्त 11 टक्के. का? शेळी रात्री कोंडली जाते. कुत्रा बाहेर राहतो.

या एका तुलनेपुढे ‘कुत्र्याची जागा अंगणात’ हे म्हणणे उभे राहू शकते का? शेळीचे बाजारात पैसे होतात म्हणून ती भिंतीआड, आणि कुत्र्याचे होत नाहीत म्हणून तो साखळीला. त्यातही म्हातारा कुत्रा. ऐकू कमी, नाक मंद, पाय आखडलेले, आणि गळ्यात चार फुटांची साखळी. जवान कुत्रा निदान भुंकतो, पळतो, पडवीत शिरतो. याला तेही करता येत नाही. राखण करणार कोण आणि कोणाची? उलट, दारात बांधलेले सोपे भक्ष्य बिबट्याला थेट अंगणापर्यंत आणते, जिथे लहान मुले संध्याकाळी खेळतात. ज्या घराला राखणच हवी आहे, त्याने तर म्हातारा कुत्रा सर्वात आधी आत घ्यायला हवा. केंद्र सरकारच्या वन मंत्रालयाने 2011 साली बिबट्याच्या संघर्षाविषयी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही जनावरे रात्री बंदिस्त ठेवण्यावर भर आहे. पडवीला जाळी आणि कडी असली की एवढे भागते. त्यासाठी कुत्रा दिवाणखान्यात घ्यावा लागत नाही.

आणि साखळीविषयी कायदा काय म्हणतो, हेही वाचकांच्या कानावर असावे. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम 11 नुसार, मालकाने जनावराला पुरेसे अन्न, पाणी किंवा निवारा न देणे हा गुन्हा आहे. अवाजवी काळ आखूड किंवा जड साखळीने बांधून ठेवणे हा गुन्हा आहे. भुकेने, तहानेने हाल होतील अशा स्थितीत सोडून येणे हाही गुन्हा आहे. घाटात पोत्यात घालून सोडलेला म्हातारा कुत्रा या शेवटच्या गुन्ह्यात बसतो. पहिल्यांदा केलेल्या गुन्ह्याचा दंड मात्र कायद्याने 10 ते 50 रुपये एवढाच ठेवला आहे. तेव्हा कायद्याची भीती दाखवून काम होणार नाही, हे मला कळते. मी भीती दाखवत नाही. निवारा देणे ही मालकाच्या मर्जीची गोष्ट नसून त्याची जबाबदारी आहे, एवढे सांगतो.

‘माणसांनाच मिळत नाही, तिथे जनावराचे काय’ या आक्षेपाला मी सर्वात जास्त मान देतो. तो रागातून आलेला नाही, दुःखातून आलेला आहे. पण त्याचा तर्क उलटा आहे. ज्या टाइलवरून कुत्र्याचे पाय सरकतात त्याच टाइलवरून आजीचा पाय सरकतो, आणि म्हाताऱ्या माणसाचा खुबा मोडला की पुढचे किती महिने अंथरुणात जातात हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. ज्या चार फुटी जोत्यावर कुत्र्याला चढता येत नाही, त्यावर आजोबाही कठड्याला धरूनच चढतात. पायरीला घातलेला उतार, चालण्याच्या वाटेवरची न सरकणारी पट्टी, रात्रीचा मंद दिवा, न्हाणीजवळची कोरडी जमीन, या सोयी कुत्र्याच्या म्हणून वेगळ्या आणि माणसाच्या म्हणून वेगळ्या नसतातच. घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी जे करायला हवे होते ते आपण केले नाही, म्हणून जनावरासाठीही करायचे नाही? एक कर्तव्य चुकले म्हणून दुसरे चुकवायला परवानगी मिळत नाही. उलट एकाच फळीने दोघांचे काम होणार असेल, तर फळी न टाकण्याला निमित्त कोणते उरते?

बैलांविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण गावात म्हाताऱ्या जनावरांचे लाड चालत नाहीत हे विधान इथे साफ खोटे ठरते. आंबेगाव-जुन्नर हा बैलगाडा शर्यतींचा मुलूख. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या, 2017 मध्ये राज्याने कायदा दुरुस्त केला आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. त्या साऱ्या वर्षांत शर्यतीच्या घाटात नाव काढलेले बैल गोठ्यातच म्हातारे झाले. त्यांना विकणारे फार थोडे. भादव्यातल्या पोळ्याला म्हाताऱ्या बैलाच्याही अंगावर झूल पडते, शिंगांना रंग लागतो, पुरणपोळीचा घास आधी त्याला. बैल गेला तर त्याचा दशक्रिया विधी करणारी, गावाला जेवण घालणारी घरे याच पट्ट्यात आहेत. हे प्रेम खरे आहे. त्यावर मी कधीच शंका घेणार नाही.

म्हणूनच मला एक प्रश्न विचारायचा आहे. दहाव्याला जो खर्च झाला, त्याचा दहावा हिस्सा आधीच्या थंडीत गोठ्यावर का झाला नाही? म्हाताऱ्या बैलाचा शेवट बहुधा एका ठरलेल्या वाटेने होतो. गोठ्यात सिमेंटचा कोबा, तोही घोटून गुळगुळीत केलेला. लघवी तिथेच साचते. रात्री उठताना पाय घसरतो, बैल फेंगडा पडतो. एवढे वजन एकदा कुशीवर पडले की उठवायला चार माणसे लागतात, आणि काही तास एकाच अंगावर पडून राहिले की दाबाखालचे स्नायू आणि नसा निकामी होऊ लागतात. मग तो उठतच नाही. कोब्यावर आडव्या खाचा पाडल्या असत्या, रबरी मॅट किंवा उसाच्या पाचटाचा जाड थर घातला असता, गव्हाण थोडी उंच करून त्याला मान खाली घालावी लागणार नाही असे केले असते, दावे लांब ठेवले असते, तर ती रात्र आलीच नसती, किंवा बरीच लांबली असती. उसाच्या पट्ट्यात पाचट विकत घ्यावे लागत नाही. शेतात जाळले जाते ते गोठ्यात आणायचे. डॉक्टरांना बोलावलेत तर एक विसरू नका. जनावरांसाठी डायक्लोफिनॅक 2006 पासून बंद आहे, कारण ते औषध दिलेले मेलेले जनावर खाऊन गिधाडे मरतात. मेलोक्सिकॅम हा पर्याय आहे, तोच मागा.

सोवळ्याविषयी मी थोडक्यातच बोलतो. कुणाच्या देवघरात कुत्रा न्यावा असे मी सुचवलेले नाही, कुणाच्या स्वयंपाकघरातही नाही. जुन्या घरातही तो तिथे जात नव्हता. त्याची जागा पडवी होती आणि पडवीवर कुणाचे सोवळे मोडत नव्हते. आज पडवी नसेल तर जिन्याखालची जागा असते, पोर्चचा कोपरा असतो. त्याला तीन बाजूंनी आडोसा आणि एका बाजूने जाळीचे दार केले की झाले. शिवाय दत्तमहाराजांच्या पायांशी चार कुत्री आहेत आणि खंडोबाच्या सोबतही कुत्रा आहे. देवाच्या पायाशी चालतो, तर दाराशी का चालू नये?

उरला शेवटचा आक्षेप, हाल लांबवू नयेत. या ठिकाणी प्रतिपक्ष आणि मी एकाच बाजूला उभे आहोत, हे मोकळेपणाने सांगतो. जनावर खात नाही, उठत नाही, औषधाने वेदना आटोक्यात येत नाही, अशी वेळ आली की पशुवैद्याकडून वेदनारहित मृत्यू देणे मला क्रूर वाटत नाही. वेदनेचे दिवस वाढवणे आणि उरलेले दिवस वेदनेवाचून जाऊ देणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. प्रतिपक्ष त्यांना एक समजतो, हीच त्याची चूक. फळीने कुत्र्याचे आयुष्य एका दिवसानेही वाढत नसेल. पण तो स्वतःच्या पायांनी उन्हात जाऊन बसू शकतो. आणि जो म्हणतो की आता याला सोडवलेलेच बरे, त्याला पशुवैद्य पहिला प्रश्न हाच विचारेल, आणि मीही तोच विचारतो: तो उठत नाही असे तुम्ही म्हणता, तर टाइलवरून उठत नाही, की गोणपाटावरूनही उठत नाही? हे पाहायला एक दिवस लागतो आणि एक पोते. ते पाहिल्याशिवाय दिलेला निकाल मला मान्य नाही.